मारा नदीकाठच्या आलिशान तंबूसाठी दुप्पट पैसे मोजावेत का?

प्रश्न नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. ऑगस्टमध्ये पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई यांना घेऊन ते केनियातल्या मसाई माराला चालले आहेत. एजंटने दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे सेकेनानी गेटच्या बाहेरचा साधा तंबूंचा कॅम्प. दुसरा राखीव क्षेत्राच्या आत, मारा नदीच्या अगदी काठावरचा आलिशान कॅम्प, दर दुपटीहून जास्त. त्यांनी लिहिलंय, "पैसे साठवलेत, पुन्हा जाणं होईल असं नाही. पण कॅम्पला कुंपण नाही आणि रात्री पाणघोडे तंबूंपर्यंत येतात म्हणे. आई आणि मुलीला घेऊन तिथे राहावं का? आणि तंबूतून विल्डबीस्टचं क्रॉसिंग दिसेल का?"

मी पुण्याहून माराला गट घेऊन जातो आणि दोन्ही प्रकारच्या कॅम्पांत भरपूर राहिलो आहे. सविस्तर लिहितो, कारण ऐपत आणि सुरक्षितता यांच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: तुमच्यापैकी कोण, दिवसातले किती तास कॅम्पवर असणार आहे?

आधी क्रॉसिंगचं, म्हणजे विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकन कुरंगांचे कळप स्थलांतरात नदी ओलांडतात त्याचं, सांगतो. तंबूतून क्रॉसिंग दिसेल हे गृहीत धरून एक रुपयाही जास्त देऊ नका. कळप नदी कुठे ओलांडतील याच्या ठरावीक जागा आहेत, लुकआउट टेकडीच्या आसपास, पॅराडाइज मैदानाच्या कडेला वगैरे. त्यातल्या कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे कोणीच सांगू शकत नाही. हजारो जनावरं काठावर येऊन तीन-तीन तास उभी राहतात आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळी मागे फिरतात. एखाद्या कॅम्पसमोर कधीमधी कळप उतरतोही, पण ते नशिबाचं देणं आहे, त्यासाठी वेगळा दर लावता येत नाही. नदीकाठच्या कॅम्पचा क्रॉसिंगसाठी खरा उपयोग वेगळा आहे. काठावर कळप जमतोय ही बातमी गाइडच्या रेडिओवर येते. तेव्हा तुम्ही वीस मिनिटांवर असता. सेकेनानीहून निघालेली गाडी तासाहून जास्त लांब असते.

आता तासांचं गणित. मारात दिवस असा जातो: पहाटे सहाला बाहेर, दहा-साडेदहाला परत, दुपारी चारला पुन्हा बाहेर, अंधार पडायच्या आत कॅम्पवर. राखीव क्षेत्रात रात्री गाडी फिरवायला परवानगी नाही. म्हणजे उजेडाचे पाच-सहा तास आणि पूर्ण रात्र कॅम्पवर जाते. फोटोग्राफरांचे गट डबा बांधून दिवसभर बाहेरच असतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो की नदीकाठी पैसे घालू नका, तुम्ही तिथे फक्त झोपायला जाणार. तुमच्या घरचं तसं नाही. ६८ वर्षांच्या बाई आणि आठ वर्षांची मुलगी रोज दहा तास लँड क्रूझरमध्ये हादरे खात बसणार नाहीत, बसवूही नयेत. त्या दुपारी कॅम्पवर असतील. तुम्ही दुप्पट दर मोजताय तो या दुपारीसाठी.

गेटबाहेरच्या बऱ्याच कॅम्पांत दुपारी बघण्यासारखं फार नसतं. एकाला लागून दुसरा कॅम्प, मागे वस्ती, गाड्यांची ये-जा. नदीकाठी उलट आहे. तंबूच्या पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलं की खाली डोहात वीस-पंचवीस पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून पडलेले असतात. दर काही मिनिटांनी एक वर येतो, नाकपुड्या उघडतात, पाण्याचा फवारा उडतो, कान गरगर फिरतात आणि सगळा कळप एकामागून एक हुंकारायला लागतो. समोरच्या वाळूवर मगर तोंड उघडं टाकून पडलेली असते, अंग थंड ठेवायला. पलीकडच्या काठाने हत्ती उतरतात. मत्स्यगरुडाची हाक तर दिवसभर असते. आजी आणि नात यांना गाडीत न बसता हे सगळं दिसतं. माझ्या गटांतल्या वयस्कर मंडळींना सहलीतलं सर्वांत जास्त काय आठवतं, तर ही नदीकाठची दुपार. म्हणून तुमच्या बाबतीत माझं उत्तर 'हो' असं आहे. मात्र काही अटी आहेत आणि त्या तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.

पहिली गोष्ट नदीचीच. मारा नदी माऊच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि सुमारे ३९५ किलोमीटर वाहून टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. मैदानात ती सतत वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ कापत जातं, तिथे उंच दरड असते. आतल्या बाजूला गाळ साचून उतार असतो. फोटोत उताराकडचा कॅम्प सुंदर दिसतो, पाणी अगदी पायाशी. मी मात्र दरडीवरचा कॅम्प निवडतो. पाणघोड्याला दीड-दोन टनांचं धूड घेऊन उभी दरड चढता येत नाही. त्याच्या बाहेर येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. काठाला घसरगुंडीसारख्या गुळगुळीत घळी पडलेल्या दिसतात, त्या त्याच. अशा घळीच्या तोंडाशी असलेल्या तंबूभोवती रोज रात्री चरणं चालतं, तिथून लांबच्या तंबूभोवती क्वचित. बुकिंग करतानाच विचारा: पाणघोड्यांची वाट कोणत्या तंबूंजवळून जाते?

उंचीचा दुसरा मुद्दा पुराचा. ऑगस्ट तसा कोरडा असला तरी माऊकडे पाऊस झाला की इकडे थेंब न पडताही रात्रीत पाणी चढतं. २०२४ च्या एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला माराला मिळणाऱ्या तालेक नदीने काठ सोडला, डझनभराहून जास्त कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. तो मोठ्या पावसाचा हंगाम होता, ऑगस्टमध्ये तसं होण्याची शक्यता फार कमी. तरी "२०२४ च्या पुरात तुमच्या तंबूंपर्यंत पाणी आलं होतं का?" हे कॅम्पला सरळ विचारा. चांगला कॅम्प प्रामाणिक उत्तर देतो.

कोणता काठ, हेही विचारा. राखीव क्षेत्राचा नदीच्या पश्चिमेकडचा भाग म्हणजे मारा ट्रँगल. २००१ पासून त्याचं व्यवस्थापन वेगळी संस्था बघते, रस्ते बरे आहेत, एका प्राण्याभोवती पाचच गाड्यांचा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. पूर्वेकडे गर्दी जास्त, पण प्राणीही भरपूर. पलीकडे जायला राखीव क्षेत्रातला पूल पार दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेजवळ पुरुंगट इथे आहे. त्यामुळे "सकाळी या काठाला, दुपारी त्या काठाला" असं एजंट सांगत असेल तर त्याने नकाशा नीट पाहिलेला नाही.

आता कुंपण. मारातल्या बहुतेक चांगल्या कॅम्पांना कुंपण नसतंच. पाणघोडे रात्री चरायला येतात, कधी रानम्हशी, कधी हत्ती. आपल्या अर्थाने ते तंबू साधे नसतात. लाकडी किंवा दगडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हासची खोली, आत पलंग, मागे भिंतीआड संडास आणि गरम पाण्याची न्हाणी. चेन बंद केली की प्राणी त्याला भिंत समजतात आणि वळसा घालून जातात. धोका तंबूत नाही, तंबू ते जेवणघर या वाटेवर आहे. पाणघोडा पाण्यापासून लांब चरत असताना माणूस त्याच्या आणि नदीच्या मध्ये आला तर तो पाण्याकडे धावतो, वाटेत काय आहे ते बघत नाही. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने एक पाऊलही टाकायचं नाही हा नियम आहे. तंबूतून टॉर्चने खूण करायची किंवा दिलेल्या रेडिओवर बोलवायचं, की अस्कारी, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, येऊन घेऊन जातो. तो बहुधा आसपासचा मसाई असतो. चालताना एकदम थांबला तर तुम्हीही थांबायचं. तो टॉर्च बाजूच्या झुडपांवर फिरवतो, पुढच्या वळणावर चमकणारे डोळे दिसले की दुसऱ्या वाटेने नेतो. घाई करत नाही. आपणही करायची नाही.

आईंना हे निघण्याआधी घरीच सांगा. पहिल्या रात्री कॅनव्हासच्या पलीकडे, हातभर अंतरावर, करकर गवत तोडल्याचा आवाज येतो, मधूनच खोल हुंकार. सिंहाची डरकाळी तर शांत रात्री आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते आणि ती पलंगाशेजारी असल्यासारखी वाटते. आधी माहीत असलेल्या माणसाला त्यात मौज वाटते, माहीत नसलेल्याला रात्रभर झोप येत नाही. झोपही पाच तुकड्यांत लागणारी असेल, उठून फिरायची सवय असेल, किंवा अंधाराची मुळातच धास्ती असेल, तर नदीकाठचा हट्ट धरू नका. हे तुमच्या आईंवर अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच माहीत.

मुलीबद्दल दोन गोष्टी. कुंपण नसलेल्या काही कॅम्पांत लहान मुलांना घेतच नाहीत, किमान वयाची अट प्रत्येकाची वेगळी असते. ती लेखी विचारून घ्या. दुसरं, दोन वेगवेगळे तंबू घेऊन एकात आजी-नात आणि दुसऱ्यात तुम्ही दोघं, असं एजंट सुचवेल. रात्री एका तंबूतून दुसऱ्यात जाता येत नाही, हे लक्षात घ्या. कुटुंबासाठीचा दोन खोल्यांचा तंबू मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर प्रत्येक तंबूत तुमच्यापैकी एक मोठं माणूस हवं. आणि जेवणघराजवळचा तंबू मागा. शेवटचा तंबू एकांताचा म्हणून महाग असतो, पण आईंच्या गुडघ्यांना रोज सहा वेळा तीनशे मीटर ऊबडखाबड वाट कशाला?

खाण्याची काळजी करू नका. केनियात चपाती रोजच्या जेवणात असते, गुजराती समाज तिथे पिढ्यानपिढ्या आहे आणि चांगल्या कॅम्पच्या स्वयंपाक्यांना शाकाहारी, अगदी जैन जेवणही माहीत असतं. महिनाभर आधी कळवा, पोहोचल्यावर पुन्हा सांगा. पण तुम्ही भाकरवडी, लाडू, चिवडा नेणारच. ते तंबूत ठेवायचं नाही. माकडं आणि बबून चेन उघडायला शिकलेली आहेत, एकदा पिशवी सापडली की तंबूचं काय करतात ते बघवत नाही. डबे कॅम्पच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या, हवं तेव्हा मागवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा २०१७ पासून केनियात बंद आहेत, त्यामुळे बांधाबांध कापडी पिशव्यांत करा.

पैशांचं. राखीव क्षेत्राचं प्रवेश शुल्क परदेशी प्रौढांसाठी जुलै ते डिसेंबर माणशी रोज २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर. तुम्ही तिघं प्रौढ, म्हणजे ऑगस्टमध्ये रोज ६०० डॉलर फक्त प्रवेशाचे, कॅम्प कुठलाही घ्या. आठ वर्षांपर्यंत मुलांना मोफत आहे, प्रवासाच्या दिवसापर्यंत मुलीला नववं पूर्ण होत नाही ना ते बघा. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं आणि आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर त्या दिवसाचंही शुल्क पडतं. परतीचं विमान दुपारचं घेतलं तर हा फटका बसतो. कॅम्पच्या दरात हे शुल्क धरलंय की नाही, ते कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या. दोन पर्यायांतला फरक कधी कधी यातच दडलेला असतो.

जिथे मी आग्रहाने खर्च करायला सांगेन ती गोष्ट म्हणजे स्वतंत्र गाडी. आलिशान कॅम्पांतही गाडी बहुधा इतर पाहुण्यांबरोबर वाटून असते. अनोळखी जोडप्याला बिबट्याजवळ दोन तास थांबायचंय आणि तुमच्या आईंना लघवीला जायचंय, मुलीला भूक लागलीय, असं झालं की सगळ्यांचाच दिवस खराब होतो. स्वतंत्र गाडी असली की नवाला परत फिरता येतं. आणि एक दिवस तुम्ही नवरा-बायकोंपैकी एकाने डबा घेऊन क्रॉसिंगसाठी दिवसभर काठावर थांबायचं, दुसऱ्याने आई आणि मुलीबरोबर कॅम्पवर राहायचं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मला तरी तुमच्या घरासाठी हीच रचना उत्तम वाटते आणि ती फक्त नदीकाठच्या कॅम्पवरून जमते, कारण मागे राहणाऱ्याचा दिवस फुकट जात नाही.

काठावर थांबताना गाडी मागे ठेवायची, कळप पाण्यात उतरेपर्यंत पुढे न्यायची नाही, गाडीतून खाली तर उतरायचंच नाही. जुलै २०२५ मध्ये सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीत पर्यटक उतरून काठावरच उभे राहिले, कळपाला वर यायला वाट उरली नाही. ती चित्रफीत जगभर गेली आणि ती पाहून मला फार वाईट वाटलं. ड्रायव्हर टिपसाठी गर्दीत पुढे घुसत असेल तर त्याला थांबवा. पाहुण्याने सांगितलं की तो ऐकतो.

बलून सफारी एजंट गळ्यात मारेल, माणशी साधारण ४५० ते ५०० डॉलर. उतरताना टोपली आपटते, कधी आडवी होते, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. आईंना नको. ते पैसे गाडीत घाला.

नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास आहे, सेकेनानी गेटपर्यंत ठीक, आत धूळ आणि खड्डे. विल्सन विमानतळावरून छोटं विमान तासाभरात पोहोचवतं. आईंसाठी विमानच घ्या. सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून, आणि मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात बसत नाही, ती नैरोबीतच ठेवावी लागते.

कपड्यांबद्दल एवढंच की मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे. ऑगस्टच्या पहाटे उघड्या गाडीत बारा-तेरा अंशांचा वारा लागतो. आईंना स्वेटर, कानटोपी, शाल हवीच. रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते, ती आधी सांगून ठेवा, अंधारात पायाला लागली की माणूस दचकतो. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, नदीकाठच्या झाडीत त्सेत्से माश्या असतात आणि त्या याच रंगांकडे येतात.

आरोग्याचा मुद्दा मात्र सर्वांत आधी हातात घ्या, कारण त्यावर सगळी सहल अडू शकते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे आधी वेळ घ्यावी लागते. साठीच्या पुढे ही लस देताना डॉक्टर जास्त सावध असतात. तेव्हा तिकिटं काढण्यापूर्वी आईंना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, सगळी औषधं दाखवा, मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर नको. मारात मोठं रुग्णालय नाही. गंभीर प्रसंगी नैरोबीहून ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं विमान येतं. कॅम्पच्या दरात ते संरक्षण आहे का ते विचारा, नसेल तर वेगळं घ्या, महाग नसतं.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. क्रॉसिंगचा आग्रह सोडायची तयारी असेल तर जूनचा पहिला पंधरवडा बघा. शाळा उघडायच्या आत परत येता. प्रवेश शुल्क निम्मं, तिघांचे रोजचे ३०० डॉलर वाचतात, कॅम्पचे दरही उतरलेले असतात. मोठा पाऊस संपलेला असतो, गवत उंच आणि हिरवं, वाटा काही ठिकाणी चिखलाच्या. लाखोंचे कळप तेव्हा अजून सेरेंगेटीत असतात. पण सिंह, हत्ती, जिराफ, मगरी आणि डोहातले पाणघोडे बारा महिने तिथेच आहेत, आणि आठ वर्षांच्या मुलीला त्यात काही कमी पडेल असं मला वाटत नाही.

कॅम्प निवडताना तो जागेशी कसा वागतो हेही बघा, अशी माझी मनापासून विनंती आहे. सांडपाणी कुठे जातं, वीज सौर आहे का, नोकरीत आसपासचे लोक किती आहेत. २०२५ मध्ये सँड नदीकाठी एक अतिमहाग कॅम्प उघडला आणि प्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटेत तो आल्याच्या तक्रारीवरून प्रकरण न्यायालयात गेलं. नदीचा काठ जितका आपल्याला हवा असतो, तितकाच तो प्राण्यांनाही लागतो. जिथे दोन तंबूंच्या मध्ये झाडी राखलेली आहे आणि पाणघोड्यांच्या वाटा मोकळ्या सोडलेल्या आहेत, तो कॅम्प घ्या, नाव थोडं कमी मोठं असलं तरी चालेल.

आता एजंटला तीन गोष्टी लेखी मागा: तंबूंच्या जागा दाखवणारा कॅम्पचा नकाशा, मुलांच्या वयाची अट, आणि प्रवेश शुल्क व स्वतंत्र गाडी धरून एकूण रक्कम. नकाशा आला की मला पाठवा. दरड कुठे आहे आणि जेवणघराजवळचा कोणता तंबू मागायचा, ते त्यावर बघून सांगतो.